१८४१ साली मुंबईच्या गोदीत शंभर गोऱ्या कारागिरांचा साहेब एक पारशी माणूस होता

१ एप्रिल १८४१. मुंबईच्या गोदीत ईस्ट इंडिया कंपनीची एक स्टीम फॅक्टरी होती. कंपनीच्या आगबोटी बिघडल्या, की त्यांची इंजिनं, बॉयलर, पंप असं सगळं दुरुस्तीसाठी इथंच यायचं. त्या दिवशी या कारखान्याचा नवा चीफ इंजिनियर कामावर रुजू झाला.

त्याच्या हाताखाली कोण होतं? एक युरोपियन मुख्य सहायक, चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन इंजिनियर आणि बॉयलरचे कारागीर, आणि त्यांच्याशिवाय साधारण दोनशे देशी कामगार.

आता तुम्ही म्हणाल, कंपनी सरकारच होतं, मग गोरा साहेब आला असेल, त्यात काय एवढं? तर गंमत तिथंच आहे. हा साहेब गोरा नव्हता. डोक्यावर पारशी पगडी घालणारा, माझगावात राहणारा, मुंबईच्याच गोदीत लहानाचा मोठा झालेला ३२ वर्षांचा माणूस होता. नाव अर्देशीर करसेटजी वाडिया.

तेव्हा भारतात रेल्वे धावायला १२ वर्षं बाकी होती आणि १८५७ चा उठाव व्हायला १६ वर्षं. अशा काळात एक भारतीय माणूस इंग्रज मेकॅनिकला हुकूम देत होता. बरं, हुकूम कशाचा, तर इंजिन उघडायचं कसं आणि जोडायचं कसं याचा.

हे कसं घडलं, त्याची ही गोष्ट.

घरातच जहाजं होती

वाडिया घराण्याचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. हे घराणं मूळचं सुरतेचं. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे कसबी सुतार कंपनीच्या बोलावण्यावरून सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांनी इथं जहाजबांधणीचा पाया घातला. पुढं दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीत मुख्य जहाजबांधणीकाराचं पद याच घराण्यात राहिलं.

त्यांचं काम कसलं होतं, हे एका उदाहरणावरून कळेल. १८१७ साली वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं पाण्यावर तरंगतंय. १८१३ सालचं ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचंच. १८४२ साली इंग्रजांनी चीनला ज्या नानकिंगच्या तहावर सही करायला लावली, तो तह याच जहाजाच्या डेकवर झाला होता.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील करसेटजी रुस्तमजी गोदीतच होते. १८२२ साली, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. लाकूड पारखायचं, करवत चालवायची, वाकसाने फळ्या तासायच्या, फळीला फळी अशी बसवायची की पाणी आत येता कामा नये. घरातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकत आली होती.

सगळं सुरळीत चाललं असतं, तर अर्देशीर घराण्यातले आणखी एक जहाजबांधणीकार झाले असते. पण मध्ये वाफ आली.

‘ह्यू लिंडसे’चा कोळसा

त्या काळात मुंबईहून इंग्लंडला पत्र पाठवायचं, तर ते शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून जायचं. चार-पाच महिने सहज लागायचे. उत्तर यायला तेवढेच. लंडनच्या साहेबाने एखादा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर मिळेपर्यंत वर्ष उलटायचं.

म्हणून कंपनीच्या मुंबई सरकारने एक वेगळा मार्ग तपासून पाहायचं ठरवलं. मुंबईहून आगबोटीने लाल समुद्रातून सुएझला जायचं, तिथून जमिनीवरून इजिप्त ओलांडायचा आणि भूमध्य समुद्रातून पुढं. त्यासाठी मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ नावाची ४११ टनांची आगबोट बांधली गेली. तिच्यात ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती.

२० मार्च १८३० रोजी ही बोट मुंबईहून निघाली. अडचण अशी होती, की बोट बांधताना कोळशासाठी जी जागा ठेवली होती, ती जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची. अदनपर्यंतचा प्रवासच त्याहून बराच लांबचा. मग काय, मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी खाली बसली, की चाकं नीट फिरणंही अवघड झालं. अकराव्या दिवशी ती अदनला पोहोचली, तेव्हा कोळसा संपतच आला होता. पण पोहोचली. आणि निघाल्यापासून महिन्याहून थोड्या जास्त दिवसांत सुएझलाही लागली.

हे सगळं घडत होतं तेव्हा अर्देशीर २१ वर्षांचे होते आणि त्याच गोदीत काम करत होते. जहाज वाऱ्याशिवाय चालू शकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. लाकडाच्या कामात मुरलेल्या या तरुणाला इंजिनाने जे वेड लावलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

माझगावचा बंगला, तिथली भट्टी आणि गॅसचे दिवे

तेव्हा मुंबईत इंजिनियरिंग शिकवणारं कॉलेज नव्हतं. शिकायचं तर पुस्तकं वाचून आणि हात काळे करून. अर्देशीर यांनी दोन्ही केलं. त्यांनी एक अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं. ते विहिरीवर बसवलं आणि वर चढवलेल्या पाण्यावर बागेतलं कारंजं उडू लागलं. घराशेजारीच त्यांनी ओतकामाची छोटी भट्टी टाकली.

१८३३ साली त्यांनी ‘इंडस’ नावाची ६० टनांची समुद्रात जाणारी छोटी बोट बांधली आणि तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. तेव्हा त्यांचं वय होतं २५.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. गॅस म्हणजे आजचा सिलेंडर नव्हे. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवायचा, त्यातून निघणारा वायू साठवायचा, शुद्ध करायचा आणि नळ्यांमधून दिव्यांपर्यंत न्यायचा. हा सगळा प्रकार बघायला मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः बंगल्यावर आले आणि त्यांनी अर्देशीर यांना मानाचा पोशाख दिला.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला त्यानंतर तीस वर्षं लागली, यावरून हा माणूस किती पुढं होता याचा अंदाज येईल.

पण बोटीचं इंजिन एवढं बिघडायचं का?

अर्देशीर यांचं मोठेपण समजून घ्यायचं, तर आधी हे समजून घ्यायला हवं. कारण त्यांचं पुढचं आख्खं आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेलं.

सागवानी जहाज शंभर वर्षं टिकायचं. पण त्याच जहाजात बसवलेला बॉयलर काही वर्षांतच भंगारात जायचा. याचं मुख्य कारण होतं मीठ.

त्या काळातलं इंजिन असं चालायचं: बॉयलरमध्ये पाण्याची वाफ व्हायची. ती सिलेंडरमध्ये जाऊन दट्ट्या ढकलायची. मग वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये जायची. तिथं तिच्यावर थंड पाण्याचा फवारा सोडायचे, वाफेचं पुन्हा पाणी व्हायचं आणि आत निर्वात पोकळी तयार व्हायची. या पोकळीच्या ओढीनेही दट्ट्या हलायचा. त्या काळी वाफेचा दाब आजच्या मानाने फारच कमी असायचा, त्यामुळे इंजिनाची निम्मी ताकद या पोकळीतच होती म्हणा ना.

आता समुद्रात थंड पाणी कुठून आणणार? समुद्रातूनच. म्हणजे फवारा खाऱ्या पाण्याचा. आणि वाफेचं झालेलं गोडं पाणी त्या खाऱ्या पाण्यात मिसळलं, की तेच परत बॉयलरमध्ये जायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. बॉयलरमधलं पाणी तासागणिक जास्त खारट होत जायचं आणि लोखंडावर पांढरा, दगडासारखा थर चढायचा. घरातल्या गीझरच्या कॉइलवर चढतो ना, तसाच, फक्त कितीतरी जाड.

हा थर उष्णता अडवतो. मग तेवढीच वाफ करायला जास्त कोळसा जाळावा लागतो. दुसरीकडं थराखालच्या लोखंडाला पाण्याचा गारवा मिळत नाही. ते लाल होईपर्यंत तापतं, मऊ पडतं, फुगतं आणि एक दिवस फाटतं. भर समुद्रात बॉयलर फाटला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

उपाय दोनच. प्रवासात ठराविक वेळाने बॉयलरमधलं अतिखारट पाणी समुद्रात सोडून द्यायचं आणि नवीन पाणी घ्यायचं. यात तापवलेलं पाणी, म्हणजे पर्यायाने कोळसाच, वाया जायचा. आणि बंदराला लागल्यावर बॉयलर थंड करायचा, माणसांनी आत रांगत शिरायचं आणि हातोडी-छिन्नीने तो थर ठोकून काढायचा. मुंबईच्या मे महिन्यात, लोखंडी पेटीच्या आत, दिव्याच्या उजेडात. कल्पना करून बघा.

हे झालं बॉयलरचं. इंजिनाची दुखणी वेगळीच. दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं तागाचं दोर चरबीत भिजवून ठासलेलं असायचं. ते झिजलं की वाफ गळायची. पितळी बेअरिंग घासून सैल झालं, की इंजिन ठोके द्यायला लागायचं. कंडेन्सरच्या सांध्यातून हवा आत शिरली, की पोकळी कमी व्हायची आणि कोळसा तेवढाच जळूनही बोट मंदावायची.

मग दोष शोधायचा कसा? ठोका कुठून येतो ते कानाने ऐकायचं. बेअरिंग किती तापलंय ते हाताने पाहायचं. हवा कुठून शिरते हे शोधायला संशयित सांध्याजवळ पेटती मेणबत्ती धरायची. ज्योत जिथं आत ओढली जाईल, तिथं फट. सिलेंडरच्या आत काय चाललंय हे बघायला जेम्स वॉटच्या काळापासून एक छोटं यंत्र होतं. ते पेन्सिलीने कागदावर दाबाची आकृती काढायचं. आकृतीचा कोपरा कुठं बसलाय यावरून झडप उशिरा उघडतेय का, वाफ गळतेय का, हे जाणकाराला कळायचं. डॉक्टर ईसीजी बघतात, त्यातलाच प्रकार.

दोष सापडला, तरी सुटा भाग कुठून आणणार? विलायतेहून जड माल मागवला, तर तो शिडाच्या जहाजातून महिन्यांनी येणार. तोपर्यंत बोट उभी, डाक अडकलेली. त्यामुळे भाग इथंच बनवावा लागायचा. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, त्यावरून रेतीत साचा काढायचा, त्यात वितळलेलं लोखंड किंवा पितळ ओतायचं, मग लेथवर घासून मापात आणायचं.

म्हणजे या कामाला असा माणूस हवा होता, ज्याला लाकूडही कळतं, ओतकामही येतं आणि वाफेचं शास्त्रही माहीत आहे. मुंबईत असा माणूस माझगावच्या बंगल्यात राहत होता.

विलायतेची वारी

१८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी अदन ताब्यात घेतलं. त्यांना तिथं आगबोटींसाठी कोळशाचं ठाणं हवंच होतं. सुएझ मार्गाने डाक नियमित जायला लागली. आगबोटी वाढल्या, तशी दुरुस्तीही वाढली.

वाडिया घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभॉय मेरवानजी, १८३८ मध्येच जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले होते. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये अर्देशीर निघाले. त्यांना जहाजबांधणीपेक्षा इंजिनं शिकायची होती. ज्या सुएझ मार्गासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर ‘ह्यू लिंडसे’ निघाली होती, त्याच मार्गाने ते गेले.

लंडनमध्ये त्यांनी सीवर्ड कंपनीच्या कारखान्यात आगबोटींच्या इंजिनांचा अभ्यास केला. टेम्सच्या काठचा हा कारखाना तेव्हा ब्रिटिश आरमारासाठी इंजिनं बनवायचा. गोद्या पाहिल्या, कारखाने पाहिले, नामवंत इंजिनियरांना भेटले. या प्रवासाची आणि इंग्लंडमधल्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली.

या मुक्कामातच कंपनीच्या संचालकांनी त्यांची नेमणूक केली. मुंबईच्या स्टीम फॅक्टरी आणि फाउंड्रीचा चीफ इंजिनियर आणि यंत्रसामग्रीचा निरीक्षक. कंपनीच्या बोटींवरची इंजिनं तपासायची, कामाला लायक आहेत की नाहीत ते ठरवायचं आणि नसतील तर लायक करायची, ही त्यांची जबाबदारी.

आणि मग वर्तमानपत्राने तोंड उघडलं

मुंबईत ही बातमी आली आणि तिथल्या गोऱ्या मंडळींच्या पोटात दुखायला लागलं.

‘बॉम्बे टाइम्स’ या वर्तमानपत्राने या नेमणुकीवर उघड टीका केली. पुढं यातूनच ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाला. टीकेचा मुद्दा अर्देशीर यांना काम येत नाही असा नव्हताच. त्यांचं म्हणणं असं होतं, की देशी माणूस कितीही हुशार असो, कितीही शिकलेला असो, इंग्रजांच्या जमावाला हुकूम देणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे त्याला झेपणारच नाही.

आता या टीकेला उत्तर काय देणार? यातला डाव बघा. कामात चूक काढली असती, तर काम करून दाखवता आलं असतं. इथं चूक जन्माची काढली होती.

आणि कारखाना असा, की तिथं रोज परीक्षा. दुरुस्त होऊन गेलेली बोट अरबी समुद्राच्या मधोमध बंद पडली असती, तर बोट कुणाच्या हाताखाली दुरुस्त झाली हे दुसऱ्या दिवशी छापून आलं असतं. गोऱ्या इंजिनियरच्या हातून बॉयलर फुटला तर तो अपघात ठरायचा. अर्देशीर यांच्या हातून फुटला असता, तर तो पुरावा ठरला असता.

अर्देशीर यांनी हे पद सोळा वर्षं सांभाळलं.

या सोळा वर्षांत सुएझची डाक होती, सिंधची लढाई होती, चीनकडं जाणारी जहाजं होती. सगळ्यांना आगबोटी लागत होत्या. नदीत चालणाऱ्या लोखंडी बोटी विलायतेहून सुट्या तुकड्यांत यायच्या आणि मुंबईत जोडल्या जायच्या. ज्या कारखान्याचा साहेब चालणारच नाही असं छापून आलं होतं, तो कारखाना चालत राहिला.

रॉयल सोसायटीतला पहिला भारतीय

स्टीम फॅक्टरीचा ताबा घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशीर यांची फेलो म्हणून निवड केली. न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते, तीच ही संस्था. तिचा फेलो होणारे अर्देशीर हे पहिले भारतीय.

निवडीमागं कारणं काय होती? जहाजबांधणीचं शास्त्र आणि प्रत्यक्ष काम या दोन्हींची जाण, मुंबईत आणलेला गॅसचा दिवा आणि स्वतः बांधून वाफेचं इंजिन बसवलेली ती ६० टनांची बोट. माझगावच्या बंगल्यात पंचविशीत केलेले उद्योग लंडनपर्यंत पोहोचले होते.

त्यानंतर पुढचा भारतीय फेलो व्हायला ७७ वर्षं गेली. १९१८ साली निवडले गेलेले ते म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. रामानुजन यांचं नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यांच्या आधीचं नाव मात्र विचारलं तर बहुतेकांची दांडी उडते.

अमेरिका, ‘लवजी फॅमिली’ आणि सिंधू नदी

१८४९ साली अर्देशीर अमेरिकेला गेले. तिथं त्यांची नजर लाकूड कापायच्या यंत्रांवर पडली. ज्या घराण्यात शंभर वर्षं हाताने करवती चालल्या, त्यातल्या माणसाने ही यंत्रं विकत घेऊन मुंबईला पाठवून दिली.

१८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. नाव अर्थातच घराण्याच्या मूळपुरुषावरून. या बोटीची खासियत अशी, की तिचे भाग त्यांनी स्वतःच्या घरच्या ओतशाळेत बनवले होते. विलायतेवाचून बोट होऊ शकते, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र न लिहिता दाखवून दिलं.

शिवणयंत्र, फोटोग्राफी आणि विजेने धातूचा मुलामा देण्याची कला या गोष्टी मुंबईला दाखवणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले. पण इंजिनं काही सुटली नाहीत. १८६१ साली त्यांनी इंडस फ्लोटिला कंपनीत सुपरिंटेंडिंग इंजिनियर म्हणून काम घेतलं. त्याच वर्षी कराचीहून सिंधू नदीवरच्या कोटरीपर्यंत रेल्वे सुरू झाली होती. कोटरीला माल उतरायचा आणि तिथून नदीतल्या आगबोटींनी वर पंजाबकडं जायचा. या बोटी चालत्या ठेवायचं काम अर्देशीर यांच्याकडं आलं. इथं पाणी गोडं, मिठाचा त्रास नाही. पण सिंधूचं पाणी म्हणजे गाळ. समुद्रात बॉयलरमध्ये मीठ बसायचं, नदीत चिखल बसायला लागला. रोग बदलला, हातोडी-छिन्नी तीच राहिली.

१८६३ नंतर ते कायमचे इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या रिचमंड इथं राहिले. पत्नी आवाबाई आणि मूळचं कुटुंब मुंबईत होतं. इंग्लंडमध्ये त्यांचा दुसरा संसारही होता. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी रिचमंडमध्येच त्यांचं निधन झालं.

मग हे नाव मागं का पडलं?

एक कारण सरळ आहे. अर्देशीर यांच्या डोळ्यांदेखत लाकडी जहाजांचा जमाना संपला. जहाजं लोखंडाची झाली आणि ती ब्रिटनमध्ये बनायला लागली. मुंबईच्या गोदीत नवीन मोठी जहाजं बांधणं कमी होत गेलं. वाडियांच्या शेवटच्या पिढीतले जहाजबांधणीकार पदावर होते, पण सागवानाची सद्दी संपली होती.

दुसरं कारण त्यांच्या कामात आहे. बांधलेलं जहाज दिसतं. त्याला नाव असतं, त्याचं चित्र काढलं जातं, ते संग्रहालयात ठेवता येतं. दुरुस्त केलेलं इंजिन दिसत नाही. बोट वेळेवर पोहोचली, डाक वेळेवर मिळाली, की त्यामागं कुणी बेअरिंग बदललं होतं हे कुणीच विचारत नाही. विचारतात ते बंद पडल्यावर.

मिठाचा प्रश्न पुढं वेगळ्याच मार्गाने सुटला. वाफ थंड करायला तिच्यावर खारं पाणी फवारायचंच नाही, ते नळ्यांमधून खेळवायचं आणि वाफ बाहेरून त्या नळ्यांवर आणायची. म्हणजे दोन्ही पाणी वेगळी राहतात आणि बॉयलरला तेच गोडं पाणी पुन्हापुन्हा मिळतं. ही कल्पना अर्देशीर यांच्या तरुणपणीच निघाली होती, पण जहाजांवर ती सर्रास रुळायला १८६० चं दशक उजाडलं. म्हणजे अर्देशीर यांची स्टीम फॅक्टरीतली सगळी नोकरी त्या पांढऱ्या थराशी झुंजण्यातच गेली.

आज ससून डॉकला किंवा हर्णै बंदरात गेलात, तर मच्छीमार बोटींवर डिझेल इंजिनं दिसतील. कित्येक चांगली जुनी झालेली. तिथला मेकॅनिक इंजिन का तापतंय हे शोधताना आधी समुद्राच्या पाण्याची वाट बघतो. जाळी तुंबलीय का, पाण्याच्या पंपाचं रबरी चाक झिजलंय का, कूलरच्या नळ्यांत क्षार बसलेत का. मग सायलेन्सरचा धूर बघतो. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळसर असेल तर ऑइल जळतंय. ठोका ऐकतो, हात लावून बघतो, आणि जुन्या इंजिनाचा भाग बाजारात मिळाला नाही तर लेथवाल्याकडं जाऊन बनवून घेतो.

या सगळ्या गोष्टी त्याच मुंबईच्या किनाऱ्यावर पावणेदोनशे वर्षांपूर्वी पगडी घातलेला एक माणूस शंभर गोऱ्या कारागिरांकडून करवून घेत होता.

१९६९ साली भारत सरकारने अर्देशीर करसेटजी वाडिया यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. ज्या माणसाचा जन्म सुएझची डाक वेळेवर पोहोचावी म्हणून बोटी दुरुस्त करण्यात गेला, त्याची आठवण पत्रावर चिकटून गावोगाव फिरली.